गाथेतल्या मायमाऊल्या

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून दिलं आहे.)

वीणेकरी महाराज, चोपदार, टाळकरी, मृदंगमणी, गावोगावाहून आलेली वडीलधारी मंडळी आणि तिकडं मंडपाच्या कडेला कनातीला टेकून बसलेल्या मायमाऊल्यांनो. मायमाऊल्यांनी जरा पुढं सरकून बसावं. पुढं जागा मोकळी आहे आणि आजचं बोलणं तुमच्याविषयीच आहे.

दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळी म्हणाली, महाराज, कीर्तन रोज होतंच आहे, आज नुसते चार शब्द बोला, पुस्तकात छापायचे आहेत. आता आमचं शिक्षण चौथी. दिवसा उसाला पाणी द्यायचं आणि रात्री गळ्यात टाळ घालायचा, यात साठी उलटली. जे काही येतं ते पाठांतरानं आणि म्हाताऱ्या माणसांच्या पायाशी बसून आलेलं आहे. त्यामुळं मोठ्या सभेतलं भाषण आमच्याकडून होणार नाही. गाथा उघडून तुमच्यासमोर बसलो आहोत असं समजा.

परवा रात्री याच मंडपात कीर्तन संपताना आपल्या गायकांनी ‘अवघा रंग’ म्हटला. भैरवी अशी लागली की पखवाज थांबला तरी लोक डोलत होते. खाली उतरल्यावर आम्ही पोरांना विचारलं, काय रे, अभंग कोणाचा? एक म्हणाला तुकोबांचा. दुसरा म्हणाला, नाही, नामदेवरायांचा. तिसरा शहाणा होता. तो म्हणाला, शेवटच्या चरणात चोखोबांचं नाव येतं, म्हणजे चोखोबांचा. चौथा म्हणाला, किशोरीताईंचा. त्याचंही खरं आहे म्हणा, किशोरीताई आमोणकरांनी तो असा गायला की ज्यांनी जन्मात पंढरी पाहिली नाही त्यांच्याही घरात तो पोचला. पण रचला कोणी, हे चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. अभंग सोयराबाईंचा आहे. चोखोबांच्या मंडळी, मंगळवेढ्याच्या.

पोरांना आम्ही रागावलो नाही. तिसऱ्या पोराचं उत्तर तर आम्हाला आवडलं, कारण त्यानं मुद्रा ऐकली होती. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याची नाममुद्रा असते, तीच त्याची सही. कागदावरचं नाव पुसेल, वही फाटेल, पण मुद्रा चरणात गुंफलेली असते, ती काढली तर चालच मोडते. आपल्या संतांनी हे फार हुशारीनं केलं आहे. आता सोयराबाईंची सही कशी आहे? बहुतेक ठिकाणी त्या स्वतःला चोख्याची महारी म्हणवतात. म्हणजे सहीत नाव आलं ते नवऱ्याचं, आणि जात आली ती स्वतःची. सोयरा हे नाव थोड्याच अभंगांत येतं. ऐकणारा चोख्या एवढाच शब्द उचलतो आणि अभंग चोखोबांच्या नावावर टाकून मोकळा होतो.

जनाबाईंचं बघा. सही काय, तर नामयाची जनी, नाहीतर नामयाची दासी. इथं निदान जनी हे नाव राहिलं, म्हणून जनाबाई लोकांच्या ओठावर राहिल्या. मुक्ताबाई मुक्ताई म्हणून सही करतात, त्यांना कोणाचा आधार नको. कान्होपात्रा कान्होपात्रा म्हणूनच सही करते. तिला ना नवरा होता ना धनी, ती नायकिणीची लेक. बहिणाबाई नुसतं बहिणी म्हणतात. मुद्रांची ही एवढी यादी शेजारी शेजारी ठेवून बघितली की कोणत्या बाईला घरात आणि गावात कुठं उभं राहू दिलं होतं ते कळतं. आम्हाला तर वाटतं, कीर्तनात एखाद्या दिवशी नुसत्या मुद्रेवर निरूपण व्हावं. दोन तास पुरणार नाहीत.

सोयराबाईंचे अभंग आज ६२ च्या आसपास मिळतात. चोखोबांची बहीण निर्मळा, बंकाची बायको, तिचे २४ मिळतात. एका घरात नवरा रचतो, बायको रचते, बहीण रचते, मेव्हणा रचतो, मुलगा कर्ममेळा रचतो. मेलेली ढोरं ओढणारं, गावकूस बांधणारं हे घर. पोट भरायची भ्रांत, आणि त्या घरात पाच जणांचे अभंग झाले. सोयराबाईंचा एक रोखठोक सवाल आहे. त्या म्हणतात, सगळे देहाच्या विटाळाची भाषा करता, पण विटाळाशिवाय कोणाचा देह घडला आहे का? आपण सगळे आईच्या पोटातूनच आलो ना? सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा हा सवाल आहे, आणि तो एका बाळंतीण झालेल्या बाईनं केलेला आहे. पुरुषाला हा सवाल सुचला असता, पण असा सुचला नसता.

त्यांच्या बाळंतपणाची कथा तुम्हाला ठाऊक आहे. चोखोबा घरी नाहीत, ते बहिणीकडं गेलेले. सोयराबाईंचे दिवस भरले, जवळ कोणी नाही, तेव्हा पांडुरंग निर्मळेचं रूप घेऊन आला आणि नणंद होऊन बाळंतपण केलं. आपण ही कथा देवाची महती सांगायला सांगतो. सांगावी. पण ऐकताना बायका का रडतात ते आम्ही व्यासपीठावरून पाहिलं आहे. त्या देवाला बघून रडत नाहीत, अवघडलेली बाई एकटी आहे हे बघून रडतात.

चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याचं कूस ढासळून गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आत नाही, पायरीबाहेर. देऊळ त्यांच्या माणसांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींनी पंढरपुरात उपास केला तेव्हा. मधली सहाशे वर्षं सोयराबाईंचा शब्द आत जात होता, गाणाऱ्याच्या गळ्यातून थेट विटेपर्यंत, आणि त्यांची लेकरं बाहेर उभी होती. हे शब्द गाताना शेवटचं चरण गाळणारे गवई आम्ही ऐकले आहेत. जातीचा शब्द येतो म्हणून गाळतात. शब्द नको वाटतो हे समजतं, पण त्या शब्दाबरोबर सहीही जाते. गाळू नये. त्या बाईनं मान वर करून लिहिला आहे तो.

आता जनाबाईंकडं येऊ. इथं आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत, मृदंगमण्यांनी चुळबुळ करू नये.

जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडच्या. आईवडील दमा आणि करुंड. पोर लहान असताना ती पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि त्या घरची दासी झाली. नामदेवराय त्या घरातले. जनाबाईंनी दळलं, कांडलं, शेणी वेचल्या, धुणं धुतलं, अंगण झाडलं. आज गोपाळपूरला गेलात की त्यांचं जातं दाखवतात, आपल्या दिंडीतल्या बायका काला झाला की तिथं गेल्याशिवाय पंढरी सोडत नाहीत. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. नुसते अभंगच नाहीत, थाळीपाक आहे, द्रौपदीचं आख्यान आहे, हरिश्चंद्राचं आहे, पाळणा आहे. दासीपण करून एवढं. आपल्याकडं एक एकर खुरपून आलेला गडी संध्याकाळी हरिपाठाला डुलक्या घेतो!

पण जनाबाईंची गाथा म्हणून वेगळी गाथा किती घरांत आहे? सरकारनं १९७० साली नामदेवरायांची गाथा काढली, मोठं काम झालं, त्यात जनाबाईंचे अभंग आहेत. सकलसंतगाथेतही त्या नामदेवरायांच्या परिवारात येतात. दासी म्हणून ज्या घरात राहिल्या त्याच घरात पुस्तकातही राहिल्या. तसं राहण्यात वाईट काही नाही, ते घर होतंच तसं. त्या घरात गोणाई आहे, नामदेवांची आई, मुलगा परत दे म्हणून विठ्ठलाशी भांडते. राजाई आहे, नामदेवांची बायको, घरात दाणा नाही म्हणून रखुमाईकडं गाऱ्हाणं नेते, तुझ्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला वेड लावलं म्हणून. बहीण आऊबाई, लेक लिंबाई, सून लाडाई, सगळ्यांच्या नावावर थोडेफार अभंग आहेत. आम्ही वीस-वीस वर्षं वारी केलेल्या टाळकऱ्यांना विचारलं आहे, लाडाई कोण? सांगता येत नाही. नामदेवरायांच्या घरच्यांनी महाद्वारात समाधी घेतली तेव्हा सून लाडाई बाळंतपणाला गेली होती, म्हणून ती एकटी मागं राहिली, असं परंपरा सांगते. सगळं घर गेल्यावर मागं राहिलेली बाई. तिचा अभंग पायरीपाशी म्हणायला नको का?

जनाबाईंचा एक अभंग आहे, तो आम्हाला फार मोलाचा वाटतो, आणि तो कीर्तनात फार कमी येतो. त्यात कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले याची यादी आहे. ज्ञानोबांचे सच्चिदानंद बाबांनी लिहिले, निवृत्तिनाथांचे सोपानदेवांनी, सावता माळ्यांचे काशिबा गुरवानं, चोखामेळ्याचे अनंतभट्टानं. मुक्ताईचे बोल कोणी लिहिले? ज्ञानदेवांनी. आणि जनीचे? साक्षात पांडुरंगानं.

यावर थोडा विचार करा. रचणं एक, आणि लिहून ठेवणं दुसरं. चोखोबांना अनंतभट्ट मिळाला म्हणून चोखोबा आपल्यापर्यंत आले. जनाबाईंच्या यादीत सगळ्यांना कोणी ना कोणी माणूस आहे, आणि स्वतःच्या नावापुढं त्यांनी देवाचं नाव घातलं. भाविकानं याचा अर्थ घ्यायचा तो घ्यावा, आम्हीही तोच घेतो, देव खरंच बसला असेल बोरू घेऊन. पण प्रपंचातला अर्थही आहे. दासीच्या जात्यापाशी बसून तिचे बोल उतरवायला कोण माणूस येणार होता? आणि हा सगळा हिशेब, कोणाचं कोणी लिहिलं, हा मांडून ठेवला कोणी? त्या दासीनंच. आज विद्वान मंडळी संतांचे लेखक कोण म्हणून शोधतात तेव्हा जनीच्या या यादीपाशी यावं लागतं.

मुक्ताबाईंचं आम्ही लवकर आटपतो, कारण त्यांचं नाव निदान रोजच्या नामघोषात आहे, चार भावंडांत. एवढंच सांगायचं की त्यांना आपण ज्ञानोबांची धाकटी बहीण म्हणून ओळखतो, आणि काम बघितलं तर चांगदेवांच्या गुरू आहेत. परंपरेनं जन्म १२७९ चा, आणि १२९७ ला तापीकाठी वीज कडाडली आणि त्या गुप्त झाल्या. म्हणजे अठराएक वर्षांचं आयुष्य. ज्ञानोबा रुसून दार लावून बसले तेव्हा ताटीबाहेर उभं राहून समजूत घातली ती या पोरीनं, तेच ताटीचे अभंग. ‘मुंगी उडाली’ हे कूटही त्यांचंच. खानदेशात एदलाबादला आता मुक्ताईनगर म्हणतात, तिथून त्यांची पालखी महिनाभर चालत पंढरीला येते. सगळ्यांत लांबून येणाऱ्या पालख्यांतली ती एक. वाखरीला ती भेटली की आपल्या बायका पळत जाऊन पाया पडतात. साडीचोळी नेतात. माहेरच्या माणसाला भेटावं तसं.

कान्होपात्रेचंही नाव राहिलं, पण ते कथेमुळं राहिलं. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, तिनं विठ्ठलाच्या पायावर देह ठेवला, तिथं तरटीचं झाड उगवलं. १९३१ साली तिच्यावर नाटक आलं, बालगंधर्व स्वतः कान्होपात्रा झाले, लोक वेडे झाले. ‘नको देवराया’ हा तिचा अभंग आज कोणाला येत नाही? पण तिच्या नावाचे वीसेक अभंग आहेत आणि आपल्याला येतो एकच. मरणाच्या दारातला तेवढा. बाकीचे वाचा की.

आता एक गोष्ट सांगतो ती कीर्तनकारांसाठी आहे. आपण प्रत्येक जण वर्षातून दहा वेळा तरी एक दाखला देतो, की आपल्या संप्रदायाच्या इमारतीचा पाया ज्ञानदेवांनी घातला, नामदेवांनी विस्तार केला, नाथांनी खांब दिला आणि तुकोबा कळस झाले. हे कोणाचं बोलणं? हा अभंग बहिणाबाईंच्या नावावर आहे. वैजापूर तालुक्यात शिऊर आहे, तिथं त्यांची समाधी आहे. आणि कळस आला की आपण टाळी वाजवून पुढच्या मुद्द्यावर जातो. अभंग तिथं संपत नाही. कळसाच्या वर ध्वजा असते. ती ध्वजा बहिणाबाईंनी स्वतःला म्हटलं आहे. सबंध संप्रदायाची इमारत एका बाईनं शब्दांत उभी केली, वर स्वतःची पताका लावली, आणि आपण नेमकं तेवढंच चरण सोडतो.

त्या बाईचं आयुष्य ऐका. जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. कुलकर्ण्यांच्या घरात. खेळायच्या वयात लग्न लावलं, नवरा तिशीचा बिजवर. पुढं कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला जायला लागली, तुकोबांचे अभंग कानावर पडले, आणि तुकोबा हेच गुरू असं मनानं घेतलं. नवरा वैदिक ब्राह्मण, आणि गुरू देहूचा कुणबी वाणी. नवऱ्यानं मारलं. बांधून घातलं. ती गरोदर असताना घर सोडून निघाला. हे आम्ही कुठल्या कादंबरीतलं सांगत नाही, बहिणाबाईंनी स्वतःच अभंगांत लिहून ठेवलं आहे. मराठीत एवढ्या जुन्या काळी एवढं सरळ आत्मचरित्र लिहिणारी बाई दुसरी दाखवा. नवरा पुढं सुधारला, दोघं देहूला आली, मंबाजीचा त्रास सोसला, तुकोबांना डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे तुकोबांविषयी सांगणारा हा प्रत्यक्ष बघणारा साक्षीदार आहे. १७०० साली देह ठेवला, त्याच्या आधी मुलाला जवळ बसवून मागच्या बारा जन्मांची हकिकत सांगितली.

आणि इथं दुसरा घोळ होतो. पोरांना बहिणाबाई म्हटलं की शाळेतल्या पुस्तकातल्या बहिणाबाई आठवतात. त्या बहिणाबाई चौधरी, जळगावजवळच्या असोद्याच्या, १८८० ते १९५१. त्याही थोर. शेतात राबल्या, लिहायला वाचायला येत नव्हतं. काम करता करता जे म्हणत ते मुलगा सोपानदेव आणि भाचा टिपून घेत. गेल्यावर मुलानं ते आचार्य अत्र्यांना दाखवलं, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. म्हणजे इथंही रचणारी बाई आणि लिहिणारा मुलगा. मुलगा कवी होता म्हणून. नसता तर ते सगळं असोद्याच्या शिवारातच राहिलं असतं. नाव एक झालं म्हणून शिऊरच्या बहिणाबाई असोद्याच्या बहिणाबाईंच्या मागं झाकून जातात, तेवढं होऊ देऊ नका.

कोणी म्हणेल महाराज, हे झाले शब्द. चालीचं काय? चाल हाच तर आमचा मुद्दा आहे.

मोठ्या अभंगाला सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. लहानाला आठ आणि आठ. हे माप आलं कुठून? ओवीतून. आणि ओवी राहायची कुठं? जात्यावर. आमच्या आईनं पहाटे तीनला जातं धरलं की पहिला घास घातल्यावर जो सूर लागायचा, तो पायली संपेपर्यंत मोडायचा नाही. जातं फिरताना एक ओढ असते आणि एक सोड असते. ओढताना शब्द जड पडतो, सोडताना लांबतो. पखवाजाशिवायचा ठेका आहे तो. जनाबाईंचे अभंग जात्याच्या चालीत म्हणून बघा, अक्षर कुठं अडत नाही. त्यांना चाल लावावी लागली नाही, चालीतच ते झाले. ज्यांना गायला शिकवायला कोणी नव्हतं त्या बायकांनी रोज पहाटे या चाली घडवल्या. त्यांना आपण गवयी म्हटलं नाही. दळण म्हटलं.

गावात डिझेलवरची गिरणी आली आणि जातं पालथं पडलं. बायकांचे खांदे सुटले, हे चांगलंच झालं, आमच्या आईचा उजवा खांदा शेवटपर्यंत दुखत होता. पण ओवी बसायची जागा गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी हे वेळेवर ओळखलं. पॉइतवाँ जन्मानं फ्रान्सचे. या मंडळींनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीपाशी लिहिलं. आता पारी नावाच्या संस्थेनं त्या मोबाईलवरही ऐकायला ठेवल्या आहेत. आमच्या नातीनं आम्हाला ऐकवल्या. त्यांत विठ्ठल-रखुमाईच्या, तुकोबांच्या, वारीच्या ओव्या इतक्या आहेत की आपलीच दिंडी बोलते आहे असं वाटलं.

आता आपल्या दिंडीचं. दिवे घाट चढताना आपण जनाबाईंचा ‘लेकुरवाळा’ ज्या चालीत म्हणतो, ती चाल दुसऱ्या दिंडीत नाही. शेजारच्या दिंडीतले टाळकरी मुद्दाम आपल्यात घुसून ऐकतात. नवी पोरं त्या चालीला आपल्या जुन्या वीणेकऱ्यांची चाल म्हणतात. ती त्यांची नाही. वीणेकरी स्वतःच सांगायचे, आणि आम्ही त्यांच्या तोंडून ऐकलं आहे, की ती म्हातारीची चाल. वाडीवरची एक म्हातारी होती, डोक्यावर तुळस घेऊन तीस-पस्तीस वर्षं चालली. एका सालात घाटात पाऊस लागला, मृदंगाची शाई भिजली, ठेका बसेना, टाळ मागंपुढं व्हायला लागले. तेव्हा मागनं या म्हातारीनं दळणाच्या सुरात तो अभंग उचलला आणि बायकांनी ओढून धरला. घाट संपेस्तोवर सगळी दिंडी त्या सुरावर चढली. दुसऱ्या साली मृदंगमण्यांनी त्यावर ठेका बसवला आणि ती चाल दिंडीची झाली.

त्या म्हातारीचं नाव काय? सोहळ्याच्या निमित्तानं शंभर वर्षांची यादी करायला घेतली, तेव्हा आम्ही जुन्या चोपड्या काढल्या. पुरुषांची नावं बापाच्या नावासकट आहेत, भिशीचा शिधा किती दिला तेही आहे. बायकांच्या पुढं काय लिहिलं आहे? अमक्याची आई. तमक्याचं कुटुंब. मोठी काकी. एका सालच्या चोपडीत तर नुसता आकडा आहे, बायका अठरा. वाडीवरची म्हातारी तिच्या मुलाच्या नावानं लिहिली आहे, त्याची आई म्हणून. मुलगा वारला. वाडीवर आता त्या घराला कुलूप आहे. आम्ही तिच्या बरोबरीच्या दोघी-तिघींना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही तिला वहिनी म्हणत होतो, नाव कशाला विचारतोय.

तर शताब्दीच्या निमित्तानं मंडळींपुढं तीन-चार गोष्टी ठेवतो, वीणेकरी महाराजांशी बोलणं झालं आहे.

भजनी मालिकेची नवी आवृत्ती या वर्षी छापायची आहे. तीत प्रत्येक अभंगावर रचणाऱ्याचं नाव घालावं. पान वाढेल, वाढू दे, कागदाचे पैसे आम्ही देतो. यंदाच्या वारीत तरडगाव ते फलटण या वाटेवर मालिका फक्त जनाबाई, सोयराबाई, निर्मळा, मुक्ताई, कान्होपात्रा आणि बहिणाबाईंची म्हणावी. त्या दिवशी उचल मागनं, बायकांकडून व्हावी आणि टाळकऱ्यांनी धरावं. काही जणांना वाटेल हे परंपरेत बसत नाही. समर्थांच्या शिष्या वेणाबाई साडेतीनशे वर्षांपूर्वी उभ्या राहून कीर्तन करत होत्या, मिरजेला त्यांचा मठ आहे. तो संप्रदाय वेगळा, पण काळ आपल्या बहिणाबाईंचाच. आणि दिवे घाटात म्हातारीनं उचल केली तेव्हा परंपरा कुठं आडवी आली होती? तेव्हा सगळ्यांचे पाय चालत होते ना?

वीणेचं आम्ही आज काही बोलत नाही. तो निर्णय दिंडीनं बसून घ्यायचा. आमचं मत विचारलं तर देऊ.

दुसरं, गावागावात सत्तरीच्या पुढच्या ज्या बायका आहेत त्यांच्या ओव्या पोरींनी लिहून घ्याव्यात. मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे, त्यावर आवाज धरावा, म्हणजे चालही राहील. नुसती लिहिलेली ओवी म्हणजे वाळलेली भाजी. हे काम चातुर्मासात करा, दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की कोणाला वेळ नाही. आम्ही इथं कोऱ्या वह्या आणल्या आहेत, प्रत्येक गावाला एक. प्रत्येक पानावर वर रेघ मारून दिली आहे. त्या रेघेवर आधी बाईचं नाव, मग माहेर, मग सासर, आणि मग ओवी. अमक्याची आई असं लिहून आणलेली वही परत पाठवू.

आणि शताब्दीची यादी. तीत आजवरच्या बायकांची जेवढी नावं सापडली तेवढी घातली आहेत, ज्यांना कोणाला आपल्या आजीचं, पणजीचं नाव आठवत असेल त्यांनी आज निघायच्या आधी चोपदारांपाशी सांगून जावं. वाडीवरच्या म्हातारीचा नातू पिंपरीकडं कंपनीत असतो असं कळलं आहे. त्याच्याकडं माणूस पाठवला आहे, अजून निरोप आलेला नाही. छापणाऱ्या मंडळींना सांगितलं आहे, तेवढी ओळ मोकळी सोडा आणि ते पान शेवटी छापायला घ्या.

रामकृष्ण हरी.